पोकरचा मनावर आणि शरीरावर पडणारा ताण : नेमकं काय झिजतं आणि ते कसं आवरायचं?

रातवा (धागाकर्ता)

पोकरबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते बहुधा दोनच प्रकारचं. एक तर अमक्याने इतके लाख जिंकले, नाहीतर जुगारात घर बुडालं. या दोन्हींच्या मधे गंभीरपणे, अभ्यास करून खेळणारी बरीच माणसं आहेत. त्यांचं काय झिजतं हे कुणी नीट मांडत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा आला आणि देशातली पैशांवर चालणारी ऑनलाइन पोकर संकेतस्थळं बंद पडली. जो घरून रोज दोन तास खेळायचा, तो आता दोन-तीन महिन्यांतून एकदा पणजीचे कॅसिनो गाठतो आणि तीन दिवसांत पस्तीस-चाळीस तास टेबलावर काढतो. ताण कमी झालेला नाही, त्याचा आकार बदलला आहे.

माझे प्रश्न तीन. हरण्याचा त्रास इतर खेळांपेक्षा इथे जास्त का लागतो? दहा-बारा तासांच्या बैठकीत शरीरात काय बिघडतं आणि ते कसं टाळायचं? आणि नोकरी सांभाळून खेळणाऱ्याला हे सगळं झेपण्याजोगं आहे का?

माझं मत आधीच सांगतो. पैसा जातो त्याहून 'बरोबर खेळलो आणि तरी हरलो' हे माणसाला जास्त खातं. क्रिकेटमध्ये चुकीचा फटका मारला की बाद होतो, तिथे शिक्षेला कारण असतं. इथे शिक्षा मिळते आणि कारण सापडत नाही.

कृपया अनुभवाच्या गोष्टींऐवजी कामाचा तपशील लिहा. कुणाला आत्ता उपयोगी पडेल असा.

---

सांख्यिक

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गणितात आहे.

एक्क्यांची जोडी विरुद्ध राजांची जोडी, फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधीच सगळ्या चिप्स (पैशांच्या चकत्या) मध्ये. एक्के सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात. म्हणजे असे पाच प्रसंग आले तर त्यांत निदान एकदा एक्के मोडण्याची शक्यता ६३ टक्के. आणि हातात एक्क्यांची जोडी येते २२१ डावांत सरासरी एकदा. कॅसिनोत ताशी २५ ते ३० डाव होतात, म्हणजे सात ते नऊ तासांत एकदा. एवढी वाट पाहून आलेलं पान मोडलं की डोकं 'अन्याय' म्हणतं, गणित 'अपेक्षित' म्हणतं.

आता लांब पल्ला बघा. चांगला ऑनलाइन खेळाडू १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड (पानं वाटण्याआधी भरायची ठरलेली रक्कम, कमाई मोजायचं एकक) कमावतो असं धरू. सहा जणांच्या टेबलावर १०० डावांचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती भरकटतो त्याचं माप) साधारण १०० बिग ब्लाइंड असतं. १०,००० डावांनंतर अपेक्षित नफा ५००, विचलन मात्र १,०००. म्हणजे उत्तम खेळूनही १०,००० डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास. १ लाख डावांनंतर ती ६ टक्क्यांपर्यंत उतरते. आणि कॅसिनोच्या वेगाने १ लाख डाव म्हणजे ३,३०० ते ४,००० तास.

मन रोज रात्री विचारतं, 'मी चांगला खेळतो का?' पत्ते उत्तर द्यायला काही वर्षं घेतात. सगळा ताण या अंतरात साठतो.

---

इस्पिकराणी

सांख्यिक, गणित बरोबर, पण गोव्याच्या टेबलावर समोर बसलेले निम्मे लोक सुट्टीवर आलेले असतात. तिथे चांगल्या खेळाडूचा दर १०० डावांमागे ५ नसतो, बराच जास्त असतो. तुमच्या आकड्यांनी नवीन माणूस उगाच घाबरेल.

---

सांख्यिक

@इस्पिकराणी, रास्त आक्षेप. २० धरू, हा फार उदार आकडा झाला. चाळीस तासांची सहल म्हणजे साधारण १,००० डाव. अपेक्षित नफा २०० बिग ब्लाइंड, विचलन ३१६. तरीही त्या सहलीतून तोट्यात परतण्याची शक्यता २६ टक्के. टेबलावर सगळ्यांत भारी असलेला माणूस चारातली एक सहल हरून येणार. घरी निघतानाच हे स्वतःला सांगितलेलं असावं.

स्पर्धा खेळणाऱ्यांची अवस्था याहून कठीण. १०० पैकी साधारण १२ ते १५ जणांना बक्षीस मिळतं. कुणी १५ टक्के स्पर्धांत पैशात (म्हणजे बक्षिसात) येत असेल तर लागोपाठ दहा स्पर्धा कोऱ्या जाण्याची शक्यता जवळजवळ २० टक्के. आणि पैशात येण्यातली बहुतेक बक्षिसं फीच्या दीड-दोन पट असतात. वर्षाचा हिशेब दोन-तीन मोठ्या निकालांवर उभा असतो, बाकीचे सगळे दिवस हरण्याचे.

---

बंड्या_नागपूर

हे वाचूनच थकलो भाऊ. पण पटलं.

---

तिसरा_डोळा

आकडे ठाऊक असलेली माणसंही टिल्ट होतात (भावनेच्या भरात त्यांचा खेळ बिघडतो), कारण टिल्ट डोक्यातल्या माहितीवर चालत नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभा असा की तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा बरंच मोठं असतं, त्यांच्या पुढच्या मोजमापात दुपटीहून थोडं अधिक. म्हणजे वर्षाखेरीस पैशांत बरोबरीत असलेला खेळाडू भावनेत खोल तोट्यात असतो.

टिल्ट म्हणजे चिप्स आपटणं, डीलरवर खेकसणं, एवढंच लोकांना दिसतं. तो सगळ्यांत स्वस्त प्रकार, कारण तो स्वतःलाही कळतो. महाग प्रकार शांत असतात :

फोल्ड करायची (टाकून द्यायची) पानं 'बघू तरी' म्हणून खेळणं. २० टक्के डाव खेळणारा माणूस नकळत ३० वर जातो.

घाबरून खेळणं. रिव्हरवर (शेवटच्या उघड्या पत्त्यावर) दोन जोड्या आहेत, पैसे लावायला हवेत, पण माणूस चेक करतो (पैसे न लावता पाळी सोडतो) कारण आणखी एक धक्का नको असतो. यात हरलेला डाव दिसत नाही, न कमावलेले पैसे दिसत नाहीत, म्हणून महिनोन् महिने लक्षात येत नाही.

एकाच माणसाच्या मागे लागणं. त्याने मोठा डाव मारलेला असतो, आता त्याच्या प्रत्येक बेटला कॉल, म्हणजे तेवढेच पैसे लावणं.

जिंकल्यावरचा टिल्ट. पहिल्या तासात रक्कम दुप्पट झाली की पुढच्या तासात 'घरचे पैसे नाहीतच हे' म्हणून सैल खेळणं. चिप्स जिंकलेल्या असोत वा विकत घेतलेल्या, काउंटरवर त्यांचा भाव एकच.

ओळखायची सोपी खूण : निर्णयाला लागणारा वेळ. शांत माणूस सोप्या डावाला दोन सेकंद आणि कठीण डावाला तीस सेकंद घेतो. टिल्टमध्ये दोन्हींना सारखाच वेळ लागतो, बहुधा तीन सेकंद.

कॉर्नेल विद्यापीठातून २०१० साली आलेल्या एका अभ्यासात सुमारे २.७ कोटी ऑनलाइन डाव तपासले होते. त्यात दिसलं की जास्त संख्येने डाव जिंकणारे खेळाडू एकूण पैशांत जास्त हरत होते. छोटे डाव पुन्हा पुन्हा जिंकण्याचं सुख मन मोजतं, अधूनमधून गेलेला मोठा डाव त्या हिशेबात बसत नाही.

---

माजघर

निर्णयाच्या वेळेची खूण उत्तम. आमच्याकडे भावाला वाचायला दिली आहे.

---

पाठीचाकणा

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. फिजिओथेरपीच्या अंगाने लिहिते.

नऊ जणांच्या टेबलावर डीलरच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या, म्हणजे १ आणि ९ क्रमांक, मानेसाठी सर्वांत वाईट. पलीकडची पानं आणि चिप्स बघायला प्रत्येक डावात मान एकाच बाजूला वळते. ताशी ३० डाव आणि एका डावात चार-पाच वेळा, म्हणजे दहा तासांत हजाराहून जास्त वेळा त्याच दिशेने. डीलरच्या समोरची जागा, ४ ते ६, मिळाली तर मान मधोमध राहते. कॅश गेममध्ये (स्पर्धा नव्हे, थेट पैशांच्या खेळात) जागा रिकामी झाली की बदलून मागता येते, फ्लोअर मॅनेजरला आधीच सांगून ठेवा.

पानं बघण्यासाठी वाकू नका. खुर्ची इतकी पुढे घ्या की पोट टेबलाच्या कडेपासून वीतभर राहील, मग कोपर टेबलावर टेकवून नुसती नजर खाली नेली तरी पानाचा कोपरा दिसतो. बहुतेक जण खुर्ची मागे ठेवून पुढे झुकतात, त्याने कमरेच्या खालच्या मणक्यांवर आणि मानेच्या मुळाशी भार येतो. खांदे कानाकडे चढलेत का हे दर डीलर बदलताना तपासा. डीलर साधारण अर्ध्या तासाने बदलतो, तोच गजर समजा.

पाय. ४ तासांहून जास्त सलग बसून केलेल्या प्रवासात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या कामात आहे. मुळात धोका लहान आहे, पण सिगारेट, लठ्ठपणा, गर्भनिरोधक गोळ्या, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर तो लहान राहत नाही. बसल्या बसल्या टाच जमिनीवर ठेवून चवडा वर-खाली, २० वेळा, दर अर्ध्या तासाने. आणि तासातून एकदा उभं राहून एक फेरी. डाव फोल्ड केल्यावर उठलात तर काही बुडत नाही. एका पोटरीत सूज, दुखणं, गरमपणा आला तर मालिश करू नका, डॉक्टर गाठा.

चिप्स सतत खेळवण्याची सवय असेल तर ती दोन्ही हातांत वाटून घ्या. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखू लागलं की पंधरा दिवस पूर्ण बंद. आणि चिप्स हाताळलेल्या हाताने जेवू नका, त्या दिवसभरात शेकडो हातांतून जातात.

---

एडिसनवासी

न्यू जर्सीत ऑनलाइन पोकर २०१३ पासून कायदेशीर आहे, त्यामुळे इकडचा प्रश्न अजून स्क्रीनचाच. पाठीचाकणा ताईंच्या प्रतिसादाला जोड म्हणून.

चार टेबलं एकदम लावली तर ताशी अडीचशे-तीनशे डाव होतात. दर डावाला माउसचे दोन-तीन क्लिक, शिवाय कर्सर टेबलाटेबलांवर फिरवणं. मनगट टेबलाच्या कडेवर टेकून वळवलं तर महिन्या-दोन महिन्यांत मुंग्या येऊ लागतात. उपाय : कीबोर्डच्या कळांना फोल्ड, कॉल, रेज (रक्कम वाढवणं) नेमून द्या, माउस हलवताना मनगटाऐवजी कोपरातून हात हलवा, आणि टेबलं एकमेकांवर रचून ठेवा म्हणजे कर्सर एकाच जागी राहतो. स्क्रीनकडे टक लावल्यावर पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद नजर.

टेबलांची संख्या हा मानसिक ताणाचाही मुद्दा आहे. सहा टेबलांवर वाईट डाव पचायला वेळच मिळत नाही, पुढचा निर्णय समोर असतो. राग साठत जातो आणि तासाभराने भलत्याच डावात बाहेर पडतो.

---

मांडवीकर

गोव्यातल्या कॅसिनो जहाजांवरच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्या लिहितो.

बाहेरचा उजेड नाही, वेळ कळत नाही. वातानुकूलन कडक. सुती शर्टावर गेलात तर दोन तासांत खांदे आखडतात, म्हणून एक जाड जॅकेट. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवण आणि बऱ्याचदा मद्यही असतं. फुकट आहे म्हणून घेतलेला पेग हा त्या रात्रीचा सगळ्यांत महाग पेग असतो. बुफेवर बिर्याणी आणि गुलाबजाम हाणून टेबलावर आलात की तासाभरात गुंगी येते. वरण-भात, दही, अंडी, ग्रील केलेला मासा असं घ्या, नेहमीच्या निम्मं, आणि चार तासांनी पुन्हा थोडं. खिशात शेंगदाणे-चणे.

पाणी तासाला एक ग्लास. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी टाळणारे बरेच आहेत. त्यांना दुपारपासून डोकेदुखी सुरू होते आणि दोष बॅड बीटला (चांगली पानं असून हरलेल्या डावाला) जातो. ते उठणं हाच खरा फायदा, वर ताईंनी लिहिलंय तसं.

किनाऱ्यावर यायला फीडर बोट (ने-आण करणारी लहान बोट) लागते. निघायचं ठरवल्यावर बोटीची वाट बघताना 'तोवर एक फेरी' म्हणून परत बसणं फार घडतं. चिप्स आधी वटवा, मग बोटीची चौकशी करा. उलट्या क्रमाने करू नका.

आणि गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून खेळाच्या भागात प्रवेश नाही, त्यामुळे हे बाहेरून येणाऱ्यांसाठीच.

---

शिवडीकर

कॉफी?

---

पाठीचाकणा

@शिवडीकर, कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री २ वाजता दोन कॅन एनर्जी ड्रिंक घेतलं, म्हणजे सुमारे १५० मिलिग्रॅम, तर सकाळी ७ ला त्यातलं ७५ अजून रक्तात आहे. तुम्ही झोपायला गेलात तरी झोप उथळ, आणि दुसरा दिवस त्यावरच उभा. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण शेवटचा कप झोपेच्या नियोजित वेळेच्या सहा-सात तास आधी संपवा. रक्तदाब किंवा छातीत धडधड असेल तर हे गणित तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या. मोठ्या डावात नाडी आपसूक वाढतेच, त्यावर कॅफिनची भर नको.

---

सह्यवाट

झोपेवरून एक महत्त्वाची गोष्ट. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी मंदावते, हे १९९७ पासूनच्या प्रयोगांत दिसलं आहे. भारतात गाडी चालवण्यासाठीची मद्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे एक थेंबही न घेता पहाटे ३ ला टेबलावर बसलेला माणूस कायद्याने गाडी चालवायला नालायक ठरेल इतका मंद असतो आणि लाखाचे निर्णय घेत असतो.

आणि तोच माणूस सकाळी ६ ला गाडी काढून आंबोली घाटातून कोल्हापूरकडे निघतो. हे करू नका. हरला असाल तर मुळीच नका. खोलीवर सहा तास झोपा, नाहीतर रेल्वेचं तिकीट आधीच काढलेलं असू द्या.

---

इस्पिकराणी

स्टॉप-लॉसबद्दल कुणी बोललं नाही. 'तीन बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची चिप्सची रक्कम) गेले की उठायचं' हा नियम सगळे सांगतात, पण तो तर्काला धरून नाही. पत्त्यांना आठवण नसते. टेबल चांगलं असेल, समोरचे कच्चे असतील, तर तीन बाय-इन गेल्यावर उठणं म्हणजे पुढचा नफा सोडणं. याउलट जिंकत असताना टेबल कठीण झालं तर उठायला हवं, आणि तिथे कुणी उठत नाही.

---

तिसरा_डोळा

@इस्पिकराणी, पत्ते तेच राहतात, बसलेला माणूस तोच राहत नाही. नियम पत्त्यांसाठी नाही, त्या माणसासाठी आहे. तीन बाय-इन गेल्यानंतर आपण पहिल्या तासासारखेच खेळतो असं प्रत्येकाला वाटतं. हे ठरवणारं डोकं तेच, जे आत्ता दुखावलेलं आहे. म्हणून निर्णय आदल्या दिवशी, शांत डोक्याने.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र सोळा आणे खरा. लोक जिंकताना दोन तासांत उठतात आणि हरताना चौदा तास बसतात. म्हणजे ताजेपणी थोडं आणि थकव्यात भरपूर खेळतात. म्हणून पैशाच्या मर्यादेइतकीच वेळेची मर्यादा हवी : जिंका वा हरा, आठ तास.

---

इस्पिकराणी

वेळेची मर्यादा मान्य. पैशाच्या बाबतीत माझी दुरुस्ती : 'तीन बाय-इन' ऐवजी 'दोन गेल्यावर वीस मिनिटं टेबल सोडायचं, बाहेर डेकवर जायचं, मग परत बसायचं का ते ठरवायचं.' त्या वीस मिनिटांत फोनवर कुणाला डाव सांगायचा नाही. सांगितला की तो पुन्हा खेळला जातो.

---

तिसरा_डोळा

हे चांगलं आहे. अनुभवी माणसाला चालेल, नवख्याने सरळ उठावं.

डेकवर काय करायचं तेही लिहितो. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांबवलं की नाडी उतरते. 'विचार करू नकोस' असं मनाला सांगून काही होत नाही, शरीर आधी शांत करावं लागतं.

---

हिशेबनीस

ताणाचा एक भाग पैशाच्या रचनेतून येतो, तो सुटतोय.

बँकरोल (खेळासाठी राखलेला पैसा) : कॅश गेमसाठी निदान ३० ते ५० बाय-इन, स्पर्धांसाठी १०० किंवा अधिक. हा पैसा घरखर्चापासून वेगळ्या खात्यात. घरखर्चाचे सहा महिने आणि आरोग्य विमा याआधी बाजूला. ज्याच्या खात्यात पाचच बाय-इन आहेत त्याला कुठलंही श्वसन तंत्र उपयोगी पडणार नाही, कारण त्याची भीती खरी आहे.

स्टेकिंग : दुसऱ्याच्या पैशावर खेळताना तोटा 'मेकअप' म्हणून खात्यावर चढतो. समजा प्रायोजकाचे ३ लाख गेले. पुढे ३ लाख जिंकलात तर ते पूर्ण त्याचे, तुमच्या हाती शून्य. त्यापुढच्या नफ्याची वाटणी, बहुधा निम्मी-निम्मी. मेकअप मोठा झाला की माणूस महिनोन् महिने फुकट खेळतो आणि सोडताही येत नाही. करार करताना तीन गोष्टी कागदावर घ्या : मेकअपची कमाल मर्यादा, करार संपल्यावर उरलेल्या मेकअपचं काय, आणि महिन्याला किती स्पर्धा.

कर : जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर. कॅसिनोतल्या स्पर्धेत ५ लाख जिंकलेत आणि वर्षभरात ६ लाख फी भरून हरलात, तरी ती फी वजा होत नाही, कर ५ लाखांवर. प्रत्यक्षात तोटा आणि वर कराची मागणी. मार्च महिन्यात झोप उडवणारी गोष्ट ही.

---

कडूलिंब

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. अभ्यासपूर्ण आहेत. तरीही स्पष्ट लिहितो. तीन बाय-इन, श्वसन, वेगळं खातं, ही सगळी शिस्त जुगाराला दिलेला सभ्य पोशाख आहे. टेबलावरचे पैसे कुठूनतरी येतात. एक जिंकतो तेव्हा दुसऱ्याच्या घरातून जातात, वर कॅसिनो प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) आपला हिस्सा, म्हणजे रेक, कापतो. म्हणजे सगळे मिळून हरतातच. ज्या खेळाला टिकण्यासाठी इतकी औषधं लागतात तो सोडणं हाच उपाय.

---

रातवा

@कडूलिंब, रेकचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. साधारण ५ टक्के, वर कमाल मर्यादा, आणि छोट्या पॉटमध्ये तो सर्वांत जास्त बोचतो. बहुसंख्य खेळाडू लांब पल्ल्यात तोट्यात असतात, यावर माझा वाद नाही. पण जो खेळणारच आहे त्याला 'सोड' म्हणून थांबलो तर तो ऐकत नाही, आणि पहाटे गाडी घेऊन घाटात जातो. तुमचा प्रतिसाद धाग्यात हवाच आहे.

---

कडूलिंब

हे मान्य. मग एवढं तरी लिहा की कुठल्या टप्प्यावर शिस्त पुरत नाही आणि डॉक्टर लागतो.

---

सायली_मनोवेध

तो टप्पा लिहिते. अमेरिकेतल्या मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात घेतला गेला. नऊ निकष आहेत, बारा महिन्यांत चार लागू झाले तर निदान होऊ शकतं. सोप्या भाषेत : तोच थरार मिळवायला रक्कम वाढवत जावी लागणं, थांबायचा प्रयत्न केल्यावर बेचैनी, चिडचिड, थांबण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं, सतत त्याचेच विचार, मन खिन्न असताना खेळायला बसणं, गेलेले पैसे मिळवायला दुसऱ्या दिवशी परत जाणं, किती खेळलो हे लपवणं, नातं, नोकरी, शिक्षण धोक्यात येणं, आणि कर्ज फेडायला इतरांकडे हात पसरणं.

पोकरमध्ये हे ओळखणं अवघड जातं, कारण कौशल्याचा भाग खरा असतो. 'डाउनस्विंग (नशिबाने आलेली लांब पडझड) चालू आहे' हे वाक्य खरंही असू शकतं आणि आडोसाही. फरक निकालात शोधू नका, लपवण्यात शोधा. डाउनस्विंगमध्ये असलेला माणूस आकडे लिहून ठेवतो, लहान टेबलावर उतरतो. विकारात असलेला माणूस नोंद बंद करतो आणि मोठ्या टेबलावर चढतो.

टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. महाराष्ट्रात कुठल्याही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जा. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना गॅमस्टॉपवर नोंद करून परवानाधारक सर्व ऑनलाइन साइट्सवरून सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं स्वतःला बाहेर ठेवता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर वाट बघू नका, आजच फोन करा, आणि घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा.

---

बंड्या_नागपूर

बंदीनंतर काही जण टेलिग्रामवरच्या परदेशी अॅपवर खेळतात. कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर पैसे टाकायचे. तिथला ताण आणखी वेगळा, जिंकलेले मिळतील का हाच घोर.

---

हिशेबनीस

@बंड्या, त्यापासून लांबच रहा. २०२५ च्या कायद्यात खेळाडूला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे. पण पैसे अडकले तर तक्रार करायला दार नाही, आणि त्या खासगी खात्यावर पोलीस कारवाई झाली तर व्यवहारामुळे तुमचंही खातं गोठू शकतं.

---

जुनापत्ता

अमेरिकन पोकरपटू स्टू उंगरचं उदाहरण इथे यायला हवं. १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली. १९९८ मध्ये लास वेगासच्या एका मोटेलमध्ये मृत्यू, वय ४५. पोकर माणसाचं काय करतं याचं याहून मोठं उदाहरण नाही.

---

सांख्यिक

@जुनापत्ता, उंगरच्या हृदयाची हानी अमली पदार्थांनी झाली होती. शिवाय पोकरमध्ये कमावलेलं तो घोड्यांवर आणि खेळांच्या बेटिंगवर घालवायचा. उदाहरण मोलाचंच आहे, पण ते वेगळ्या गोष्टीचं : एका खेळात कौशल्य असलं म्हणून दुसऱ्या जुगारातून संरक्षण मिळत नाही. गोव्यातही पोकररूममधून निघालेले पैसे दाराकडे जाताना लागणाऱ्या रूले (फिरत्या चाकाचा जुगार) टेबलावर जातात. पोकररूममधून बाहेर पडताना चिप्स खिशात नकोतच.

---

माजघर

घरच्यांच्या बाजूने थोडं. 'आज किती?' हा प्रश्न रोज विचारू नका. सांख्यिकांचे आकडे बघता एका दिवसाच्या उत्तराला अर्थ नाही, पण सांगणारा त्या प्रश्नाने दोनदा हरतो. महिन्याच्या शेवटी एकत्र बसून खातं बघा, पूर्ण, बँकेच्या विवरणासकट. विचारायचंच असेल तर 'जेवलास का, झोपलास किती' विचारा.

आणि खेळणाऱ्यांनो, जिंकून आल्यावर सगळ्यांना हॉटेलात नेणं आणि हरून आल्यावर दोन दिवस मौन, हे बंद करा. मुलं बापाच्या पावलांच्या आवाजावरून निकाल ओळखायला शिकतात. घरी येण्याआधी अर्धा तास कुठेतरी चाला, मग घंटी वाजवा. दोन्ही प्रकारच्या दिवशी.

---

रातवा

@माजघर, मनापासून आभार. घंटीचं लिहून घेतलं.

तिसऱ्या प्रश्नाकडे परत येतो. वरच्या सगळ्यावरून नोकरदारासाठी तीन दिवसांच्या पणजी वारीचा आराखडा करून बघतोय, दुरुस्त करा.

शुक्रवारी पोहोचल्यावर खेळ नाही, झोप. शनिवारी दुपारी २ ते रात्री १०, मधे ६ वाजता अर्धा तास जेवण. रविवारी तसंच. सोमवारची रजा आधीच टाकलेली. एकूण १६ तास, म्हणजे चारशे-साडेचारशे डाव. पैसे रोख, दोन पाकिटांत, दिवसाला दोन बाय-इन. डेबिट कार्ड हॉटेलच्या तिजोरीत, फोनवरच्या यूपीआयची दैनंदिन मर्यादा आदल्या दिवशी कमी केलेली. दर तासाला वहीत एक अक्षर : अ, ब किंवा क, आपण कसे खेळतोय त्याचं. लागोपाठ दोन क आले की उठायचं. डावांची चिकित्सा टेबलावर किंवा त्या रात्री नाही, मंगळवारी संध्याकाळी.

---

मांडवीकर

वेळ बदला. शनिवारी दुपारी २ ला टेबलं पुरती भरलेली नसतात, बसून राहाल. ४ ते १२ करा. १२ ला निघालात तर झोपेला दीड वाजेल, रविवारी नऊ-साडेनऊपर्यंत झोपता येईल.

---

पाठीचाकणा

अर्ध्या तासाच्या जेवणातली दहा मिनिटं चालण्यासाठी ठेवा. आणि रविवारी सकाळी मिरामारला पाऊण तास, अनवाणी वाळूवर नको, पोटऱ्या आधीच आखडलेल्या असतात. बूट घालून.

---

तिसरा_डोळा

वहीतलं अक्षर डाव हरल्या-जिंकल्यानंतर लगेच लिहू नका. ब्लाइंड्स तुमच्यावरून पुढे सरकल्यावर, फोल्ड केलेल्या डावात लिहा. आणि 'क' चा अर्थ घरून ठरवून न्या. माझ्या मते एका तासात तीन वेळा कारण सांगता न येणारा कॉल केला म्हणजे क.

---

इस्पिकराणी

दुसऱ्या दिवसाचं पाकीट हॉटेलवरच ठेवा, सोबत नेऊ नका. बाकी आराखडा ठीक.